बिनजठराचं जेवण

आमच्या हिला जठर नाही. सहा वर्षांपूर्वी परळच्या एका इस्पितळात कॅन्सरमुळे ते पूर्ण काढलं आणि अन्ननलिका थेट लहान आतड्याला जोडली. आज दुपारी ती माझ्यासमोर बसून एक बांगडा, वाटीभर मुगाची उसळ आणि अर्धी तांदळाची भाकरी खाऊन उठली. उठताना माझ्या ताटाकडे बघून म्हणाली, "तुमचं अजून चाललंय? किती चिवडता!" गेल्या महिन्यात डॉक्टरांनी तिचे सगळे कागद पाहिले, फाईल बंद केली आणि म्हणाले, "आता वर्षातून एकदा तोंड दाखवून जा." ती इस्पितळाच्या पायऱ्या माझ्या आधी उतरली. मी काठी सावरत मागून.

आमच्या लालबागच्या चाळीत हा विजय बरेच दिवस माझा समजला जात होता. मास्तरांनी पथ्य सांभाळलं म्हणून बाई वाचली, असं चाळीबाहेरचे लोक अजून सांगतात. ते खोटं आहे. मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे आणि हे खोटं मी पुरेसं सांभाळलं.

मी तेहतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. पचनसंस्था हा माझा हातखंडा धडा. परीक्षेत त्यावर हमखास 'जोड्या लावा' येत, म्हणून मी फळ्यावर तीन जोड्या लिहायचो आणि सगळ्या वर्गाकडून घोकून घ्यायचो. तोंड, पिष्टमय पदार्थ. जठर, प्रथिने. आतडे, स्निग्ध पदार्थ. पुस्तकात याच्या पुढे स्वादुपिंडाबद्दल चारेक ओळी होत्या. त्या मी सोडून द्यायला सांगायचो. "त्याच्यावर प्रश्न येत नाही," म्हणायचो. मुलांना मार्क मिळत. वर्षानुवर्षं तेच घोकून घेता घेता माझ्याही डोक्यात त्या तीन जोड्याच उरल्या.

ही घरी आली तेव्हा इस्पितळाने आहाराचं छापील पत्रक दिलं होतं. त्यात अंडं होतं, दही होतं, मासे, घट्ट वरण, पनीर होतं. मी ते उभ्याउभ्या वाचलं आणि मनात म्हणालो, हा सगळ्या पेशंटांना वाटायचा कागद आहे. जिला जठरच नाही ती प्रथिनं पचवणार कुठे? पत्रकाची घडी घालून फाईलच्या तळाशी सरकवली. मग वहीचं पान फाडून माझ्या सुंदर अक्षरात नवीन पथ्य लिहिलं आणि कपाटाच्या दाराला चिकटवलं. भाताची पेज, निवळ. साखर घातलेली आरारूटची लापशी. मोसंबीचा रस. साबुदाण्याचं पाणी. मासे, अंडी, डाळ यांच्यापुढे ठळक फुली.

आम्ही काही शाकाहारी नाही. बाजार असेल तर आमच्या मजल्यावर बारा घरांत मासे शिजतात. पण माझा प्रश्न शास्त्राचा होता, आणि शास्त्राच्या बाबतीत घरात माझ्यापुढे कोणी बोलत नसे.

हिने दोनतीनदा विचारून पाहिलं.

"अहो, एक अंडं तरी द्या. उकडून. अर्धं."

"कुठे पचणार ते? सांग ना, कुठे पचणार?"

"मला काय ठाऊक? पण भूक लागते."

"ती भूक खरी नाही. जठर नसताना भूक कशी लागेल?"

असं मी बायकोला म्हणालो आहे. भूक लागलेल्या माणसाला.

लापशी प्यायली की पंधरा मिनिटांत तिला दरदरून घाम यायचा, छाती धडधडायची, डोळ्यांपुढे अंधारी यायची. मी म्हणायचो, बघ, एवढंसुद्धा जड होतंय. दुसऱ्या दिवशी लापशी आणखी पातळ करायचो आणि शक्ती यावी म्हणून साखर चमचाभर वाढवायचो.

दर रविवारी मी तिला कोपऱ्यावरच्या मसाल्याच्या दुकानात न्यायचो. तिथे पोती तोलायचा मोठा काटा आहे. मिरचीच्या खकाण्यात ती शिंकत काट्यावर उभी राहायची आणि दुकानदार आकडा सांगायचा. ऑपरेशनच्या आधी ती बावन्न किलो होती. घरी आली तेव्हा सेहेचाळीस. दीड महिन्यात एक्केचाळीस झाली. शिंक आली की हलेल अशी दिसायला लागली होती. इस्पितळात डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "पुढची औषधं अजून चार वेळा द्यायची आहेत. चाळीसच्या खाली गेल्या तर मला थांबवावं लागेल. शरीराला झेपणार नाही." आणि औषधं थांबली तर काय, हे आम्ही दोघांनीही विचारलं नाही.

आमच्या शेजारच्या खोलीत काकी राहतात. सगळी चाळ त्यांना काकीच म्हणते. मूळच्या मालवणकडच्या. गिरण्या चालू होत्या तेव्हा त्यांची खानावळ होती. एकेका पाळीला पंचवीस-तीस गिरणी कामगार त्यांच्या दोन खोल्यांत पाट मांडून जेवून जात. गिरण्या गेल्या, पाट गेले, पण काकींच्या चुली थंड झाल्या नाहीत. पंचाहत्तरी ओलांडूनही त्या आठदहा डबे पुरवत होत्या.

एका सकाळी मी वाचनालयातून लवकर परतलो. दारात काकींच्या चपला. आत ही पलंगावर बसलेली आणि काकी तिला चमच्याने भरवत होत्या. वाटीत ओल्या बोंबलाचं कालवण होतं, तिखट न घातलेलं, हळद आणि आमसुलाचं. बोंबील शिजून पार लोणी झाले होते.

मी वाटी हिसकावली. मोरीत ओतली. आणि गॅलरीत सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "मारायचंय का तुम्हाला तिला?"

काकी सावकाश उठल्या. "मास्तरांनू, पोट गेला म्हणान भूक जाता काय?"

"तुम्हाला यातलं कळत नाही."

"माझ्या खानावळीत एक रिंगवाला होतो, गिरणीत सूत काढणारो. तेचाय पोट डॉक्टरान काढल्यान. ह्याच परळात. तेच्यानंतर बावीस वर्सां जेवलो माझ्याकडे. डाळ, सुकट, मासे, सगळा. थोडा थोडा, धा वेळा."

"गिरणी कामगारांच्या गोष्टी मला सांगू नका. मी हे शिकवलंय."

दारादारांत माणसं उभी होती. काकींनी रिकामी वाटी उचलली, हिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेल्या. त्यानंतर त्यांनी आमचा उंबरा ओलांडला नाही. मला वाटलं, बरं झालं.

पुढच्या रविवारी काटा एक्केचाळीसवरच राहिला. त्याच्या पुढच्या रविवारी पाऊण किलो वर सरकला. मसालेवाला ओरडला, "मास्तर, वहिनी दोन मूठ मिरच्यांनी वाढल्या बघा!" मग बेचाळीस. मग त्रेचाळीस. घाम, धडधड कमी झाली. ती संध्याकाळी गॅलरीत खुर्ची टाकून बसायला लागली. मी कपाटावरच्या माझ्या पथ्याकडे अभिमानाने बघायचो. पुढचं औषध झालं, त्याच्या पुढचंही. पेज ती निमूट प्यायची, अगदी थोडी. लापशी बरेचदा उरायची. मला वाटायचं, अंगी लागतेय म्हणून कमी पुरतेय.

तिसऱ्या औषधाच्या वेळी इस्पितळातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी आम्हाला बोलावलं. तरुण होत्या, माझ्या शेवटच्या वर्गातल्या मुलींच्या वयाच्या. कागद बघून खूश झाल्या. "काकू, छान चाललंय. काय काय खाता?"

मी सांगायला लागलो, "सकाळी भाताची पेज, निवळ…"

"अहो, थांबा," ही म्हणाली. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली होती, परक्यासमोर तिने मला असं थांबवलं नव्हतं. बाईंकडे वळून ती सांगायला लागली. "दहाला एक अंडं, उकडून कुस्करून. साडेअकराला घट्ट वरण, दोन डाव, वर थोडं तूप. पाचला बोंबील किंवा मांदेलीचं कालवण, काटे काढून. सहाला दही किंवा मुगाचं धिरडं. बारीक चावून खाते, तीस वेळा मोजून. जेवताना पाणी पीत नाही, नंतर अर्ध्या तासाने घोट घोट."

"अगदी बरोबर! कोणी शिकवलं?"

"शेजारच्या काकींनी. हे सकाळी दहा ते बारा आणि संध्याकाळी पाच ते सात वाचनालयात जातात. तेव्हा मी त्यांच्याकडे जाते."

तिचा आवाज शांत होता. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही. मी मात्र आहारतज्ज्ञ बाईंना विचारलं, आणि ते विचारताना माझा आवाज वर्गातल्यासारखा होता, "पण प्रथिनं जठरात पचतात ना?"

"सुरुवात होते, काका," त्या म्हणाल्या. "सुरुवातच."

त्यांनी माझ्यासमोर कागद ओढला आणि चित्र काढलं. जे चित्र मी हजार वेळा फळ्यावर काढलं होतं, तेच. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांबच लांब साखळी, घड्या घालून गुंडाळलेली. जठरातलं आम्ल त्या घड्या मोडतं आणि पेप्सिन साखळीचे थोडे मोठे तुकडे करतं. "घड्या तर चुलीवरही मोडतात. अंडं उकडलं की पांढरं घट्ट होतं ना? ते तेच. उरलेलं काम दात करतात." मग पेन्सिल खाली सरकली. खरी कातरकाम करणारी विकरं स्वादुपिंडातून लहान आतड्यात येतात. येतात तेव्हा झोपलेली असतात, नाहीतर स्वादुपिंडच पचवून टाकतील. आतड्याच्या अस्तरात एक विकर असतं, ते त्यांतल्या एकाला जागं करतं, आणि ते बाकीच्यांना. मग तुकड्यांचे तुकडे, त्यांचे आणखी बारीक तुकडे. दोनदोन-तीनतीन अमिनो आम्लांचे तुकडे तर आतड्याच्या पेशी तशाच उचलून घेतात आणि आत नेऊन मोडतात. तिथून रक्तात, आणि रक्तातून जिथे स्नायू बांधायचाय, जखम भरायचीय तिथे.

"काकूंचं स्वादुपिंड जागेवर आहे. आतडं आहे. मग अडलंय काय? गेलंय ते मुख्यतः साठवणीचं भांडं. म्हणून थोडं थोडं, पुष्कळ वेळा. आणि बी-बारा इंजेक्शनने. फक्त गोड आणि पातळ नको. ते धाडकन आतड्यात उतरतं, मग घाम येतो, धडधडतं."

माझी लापशी. साखरेचा तो वाढवलेला चमचा.

पेन्सिलीचं टोक ज्या जागी थांबलं होतं, तिथे माझ्या पुस्तकातल्या त्या चार ओळी होत्या. प्रश्न येत नाही म्हणून मी सोडायला लावलेल्या.

बाहेर बाकावर बसून मी हिला म्हणालो, "मला सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर तुम्ही पटवून दिलं असतं," ती म्हणाली. "आणि मला पटवून घ्यायला वेळ नव्हता. मला जगायचं होतं."

औषधं पूर्ण झाली. वजन सत्तेचाळीसवर स्थिरावलं. कपाटावरचा कागद मी काढला, पण फाडला नाही. आणि काकींकडे गेलो नाही. आज जाऊ, उद्या जाऊ. भिंत एकच, तिच्या पलीकडून फोडणीचा वास यायचा, आणि मला अकरा पावलं चालवत नव्हती.

तेवढ्यात चाळीचा गणपती आला. मंडळाने ठरवलं, मास्तरांचा सत्कार करायचा. मी नको म्हणालो, पण नको म्हणायची जी पद्धत असते तसंच म्हणालो. शाल, श्रीफळ, टाळ्या. मला बोलायला लावलं आणि मी हलक्या आहाराचं महत्त्व या विषयावर दहा मिनिटं बोललो. आहारतज्ज्ञ बाईंनी चित्र काढून दाखवल्यानंतर बोललो. काकी तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. मंडळाच्या स्मरणिकेत माझा लेखही छापून आला, कपाटावरच्या त्या कागदासकट. त्याच्या फोटोकॉपी निघाल्या, मोबाइलवर फिरल्या. हिने लेख वाचला, घडी घातली आणि त्यानंतर आठ दिवस माझ्याशी जेवणाखेरीज दुसऱ्या विषयावर बोलली नाही.

वर्ष भरत आलं तेव्हा एक फोन आला. बाई गिरगावातून बोलत होत्या, तिथल्या जुन्या ख्रिस्ती वाडीतल्या. बँकेत नोकरी. माझं पान त्यांना कचेरीतल्या कोणीतरी पाठवलं होतं.

"सर, डॅडींचं सेम ऑपरेशन झालं. दोन महिने तुमच्या पानाप्रमाणेच देते. पेज, आरारूट, ज्यूस. पण वेट उतरतंय. आता डॉक्टर बोलतात औषध थांबवू. माझं काय चुकतंय, सर?"

मी खुर्चीत बसलो. ही समोर लसूण सोलत होती. फोनचा आवाज मोठा ठेवायची माझी सवय, त्यामुळे तिला शब्द न् शब्द ऐकू गेला होता. तिचे हात थांबले.

"तुमचं काही चुकत नाही," मी म्हणालो. "ते पान चूक आहे. फाडून टाका. माझी बायको त्या पानावर मरत होती. ती जगली ती दुसऱ्याच्या हातचं खाऊन. मला तेव्हाच कळलं होतं आणि तरी मी ते छापलं."

बाईंनी विचारलं, "मग काय देऊ त्यांना?"

"अर्ध्या तासात सांगतो."

 लसणीचं ताट बाजूला सारून हिने मला फक्त दाराकडे हात दाखवला.

काकी डबे भरत होत्या. मी उंबऱ्यावर उभा राहिलो. काय बोलायचं ते मी दीड वर्षं मनात तयार केलं होतं, त्यातलं काहीच आठवेना. म्हणालो, "काकी, चुकलो. बोंबील मोरीत ओतले तेव्हा चुकलो आणि शाल घेतली तेव्हा त्याहून चुकलो."

"माका ठाऊक आसा," त्या डब्याचं झाकण लावत म्हणाल्या. "शाल घेताना तुम्ही माझ्याकडे बघलात नाय. तेव्हाच समजला, मास्तरांका सगळा समजला हा."

"तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोलून काय करू? तुमची बायको रोज येऊन जेवत होती. माझा काम झाला होता." मग माझ्याकडे निरखून बघत, "रडतास कित्याक? आणि आजच कशाक इलात, ता सांगा आधी."

मी गिरगावचं सांगितलं. त्यांनी कंबरेचा पदर सोडला, पुन्हा घट्ट खोचला. "तेंका दात आसत?"

"काय?"

"त्या म्हाताऱ्याक दात आसत काय, इचारा. मगे ठरवूया काय न्यायचा."

फोन लावून विचारलं. कवळी होती, पण आजारपणात सैल झाल्यामुळे काढून ठेवली होती. "मगे आज बोंबील आणि अंडा, दोनय कुस्करून," काकी म्हणाल्या, आणि आम्ही तिघं टॅक्सीने गिरगावला गेलो. पुढच्या सीटवर मी, मांडीवर स्टीलचा डबा. मागे त्या दोघी, शाळेच्या सहलीला निघाल्यासारख्या.

ते गृहस्थ माझ्याच वयाचे, छापखान्यात जन्म काढलेले, लाकडी जिन्याच्या घरात खिडकीशी आरामखुर्चीत पडलेले. काकींनी डबा उघडला तसे ते उठून बसले.

"बॉम्बिल? याच्यात व्हिनेगर नाही?"

"आमसुला आसत. खाऊन बघा."

"आमच्या घरात व्हिनेगर टाकतात."

"बरे व्हा, मगे टाका बाटलीभर. आता तोंड उघडा. आणि गिळू नका हा, चावा. हिरड्यांनी चावा. मी मोजतंय."

ते चावत राहिले, काकी मोठ्याने मोजत राहिल्या. तिसापर्यंत पोचल्यावर म्हाताऱ्याने डोळे मिटून मान डोलावली. मुलगी भिंतीला टेकून उभी होती. आमच्या हिने तिला शेजारी बसवून वेळापत्रक लिहून दिलं. मी पेन पुढे केलं तर ही म्हणाली, "तुम्ही नका लिहू." सगळे हसले. मीसुद्धा, आणि ते हसणं मला फार दिवसांनी मोकळं वाटलं. तिने शेवटी लिहिलं, 'इस्पितळाच्या आहारतज्ज्ञांना दाखवून घेणे.' मुलीने दुसऱ्याच दिवशी दाखवलं. त्यांनी एक शब्द बदलला नाही, फक्त दह्याचं प्रमाण वाढवलं.

त्या वर्षीच्या गणपतीत मी न बोलावता माइक घेतला आणि सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर टाळ्या वाजल्या नाहीत. मागून काकींचा आवाज आला, "बसा आता खाली, आरती थांबली हा." मग कुठे लोक हसले. पहिल्या आरतीचं ताट अध्यक्षांनी काकींच्या हातात दिलं.

पण माझ्या लेखी सगळं फिटलं ते त्याआधीच, गिरगावच्या भेटीनंतर पाचव्या आठवड्यात. मुलीचा फोन आला तेव्हा मी गॅलरीत होतो. पण बोलत होते वडील स्वतः, आवाज खणखणीत.

"टीचर! साडेतीन किलो! डॉक्टर बोलला, पास. सोमवारपासून औषध परत चालू."

 हिने माझ्या हातातून फोन घेतला, ऐकलं, आणि कठड्यावर वाकून शेजारच्या खिडकीत अशी ओरडली की खालच्या अंगणातली माणसं वर बघायला लागली, "काकी! साडेतीन किलो!"

आतून भांड्यांचा आवाज थांबला.

"ओरडतंस कित्याक गो," काकी म्हणाल्या. "तेंका सांग, आता एका अंड्याची दोन करूक व्हयीत."